साचा आतून पाहावा

मँचेस्टरमधल्या एका लहानशा स्वयंपाकघरात फरशीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरली होती आणि माझी भाची खुर्चीवर मागे रेलून बसली होती. नववा महिना लागला होता. मी तिच्या बाळंतपणाला गेले होते, डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा असा सगळा सरंजाम बरोबर घेऊन. ताईचे गुडघे दुखरे, इतका प्रवास तिला झेपेना, म्हणून आईच्या जागी मावशी. टेबलावर कोमट पाण्याचं पातेलं होतं, व्हॅसलीनची मोठी डबी होती आणि हात मोडल्यावर घालतात त्या प्लास्टरच्या पट्ट्यांचे वीत-वीतभर तुकडे कापून ठेवले होते. "मावशी, तू फक्त पट्ट्या भिजवून दे," ती म्हणाली.

इंग्लंड-अमेरिकेत कितीतरी गरोदर बायका आपल्या पोटाचा असा प्लास्टरचा साचा काढून घेतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मन नाराजच झालं होतं. प्रत्येक क्षणाची वस्तू करून भिंतीवर लावायची, त्यातलाच हा एक प्रकार, असं वाटलं. आज माझं मत उलटं आहे. का, ते सांगायचं आहे.

जावयाने आधी तिच्या छातीपासून ओटीपोटापर्यंत व्हॅसलीनचा जाड थर दिला. एरवी आत असणारी बेंबी आता बाहेर आली होती. तिच्याभोवती त्याने बोट हलकेच फिरवलं. लव कोरडी राहिली तर साचा काढताना ओढली जाते, म्हणून कडांनाही सढळ हाताने लावलं. मग मी पट्टी पाण्यात बुडवायची, दोन बोटांत धरून निथळवायची आणि त्याने ती पोटावर ठेवून तळव्याने सपाट करायची. कडेने सुरुवात, मग मध्य, उभे-आडवे असे तीन थर. पहिली पट्टी टेकली तेव्हा ती शहारली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता उबदार लागतंय." जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलं की प्लास्टर तयार होतं. त्याला पुन्हा पाणी मिळालं की ते परत जिप्सम होतं, दगड होतं, आणि होताना उष्णता सोडतं. ती ऊब या परतीची.

मध्येच बाळ फिरलं. डाव्या बरगडीखालची ओली पट्टी आमच्या डोळ्यांदेखत वर उचलली गेली आणि पुन्हा खाली बसली. जावयाचा हात हवेतच थांबला. कोणी काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, "लाव रे, सुकेल."

अर्ध्या तासाने तिने खांदे पुढे घेतले, पोट थोडं हलवलं, आणि साचा कडांपासून सुटत सुटत आमच्या चार हातांत आला. बाहेरून तो खरबरीत पांढरा दिसत होता, कापडाची जाळी आणि बोटांचे फराटे. जावई त्या बाहेरच्या बाजूचे फोटो काढू लागला. तिने मात्र तो उलटा करून घेतला आणि परातीत पाहावं तसं आत पाहत राहिली. आतली बाजू व्हॅसलीनने चमकत होती. मधोमध बेंबीची खळगी होती. खाली, विजारीच्या इलॅस्टिकचा दिवसभराचा वळ, बारीक रेघेसारखा. आणि डाव्या बाजूला, बाळ फिरलं होतं तिथे, पट्टीची एक घडी दुमडून राहिली होती.

"एवढी होते मी?" ती म्हणाली. साचा हातात येऊन दोन मिनिटंही झाली नव्हती, पोट समोर तसंच होतं, आणि ती 'होते' म्हणाली.

तिथून मी या गोष्टीचा विचार करायला लागले.

आपल्याकडे पेणच्या मूर्तिकारांना विचारलं तर ते या वस्तूला मूर्ती म्हणणार नाहीत, साचा म्हणतील. मूर्ती पाण्यात जाते, साचा जपून ठेवतात. साच्यात जे असतं ते बाहेर नसतं, आत असतं, आणि आत म्हणजे पोकळीच असते. पोटाच्या साच्याचं अगदी तसंच आहे. लोक त्याची बाहेरची बाजू घासून गुळगुळीत करतात, रंगवतात, फुलं-वेली काढतात, सोनेरी वर्ख लावतात. पण त्या बाहेरच्या बाजूला कातडी कधी लागलेलीच नसते. बाईचं अंग लागलेलं असतं ते आतून. म्हणून हा साचा रंगवून टांगला की त्यातली एकमेव खरी गोष्ट भिंतीकडे तोंड करून राहते. माझं पहिलं म्हणणं एवढंच आहे: रंगवू नका, आतून पाहा.

दुसरं म्हणणं त्या अर्ध्या तासाबद्दल आहे, आणि मला ते साच्याहूनही महत्त्वाचं वाटतं. दिवस राहिल्यापासून बाईच्या पोटाला किती हात लागतात! डॉक्टर टेपने मोजतात, कारण साधारण विसाव्या आठवड्यानंतर गर्भाशयाची उंची जितके सेंटिमीटर, जवळपास तितकेच आठवडे भरतात. सोनोग्राफीचा गार जेल लागतो. सासू हात ठेवते, नणंद ठेवते, शेजारीण ठेवते. पण या प्रत्येक हाताला पोटाच्या पलीकडचं काहीतरी हवं असतं. बाळ कसं आहे, डोकं खाली आलं का, वजन किती, हालतंय का. पोट हे दार, आणि सगळे दारावर थाप मारून आतल्याची चौकशी करतात. यात गैर काही नाही, करायलाच हवी. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा असा हात पाहिला ज्याला आतलं काही विचारायचं नव्हतं. जावयाच्या तळव्याला फक्त आकार हवा होता: इथे किती उतार आहे, इथे कातडी किती ताणली आहे, ही बाजू त्या बाजूपेक्षा का पुढे आहे. नऊ महिन्यांत तो तिच्या पोटाकडे इतका वेळ, इतक्या निरपेक्षपणे कधी पाहू शकला नसेल. आणि तीही अर्धा तास काही करत नव्हती, कोणाचं काही ऐकत नव्हती, तपासली जात नव्हती. फक्त होती.

मराठीत गरोदर बाईला आपण दोन जिवांची म्हणतो. शब्द फार चांगला आहे, त्यात मोजणी बरोबर आहे. पण सातव्या महिन्यानंतर चौकशी एकाच जिवाची होते. डोहाळजेवणाला हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी, सगळं तिला मिळतं. आणि मग दोन झाकलेल्या वाट्या पुढे येतात. एकीत बर्फी, एकीत पेढा, उचल एक, म्हणजे मुलगी की मुलगा ते कळेल. ज्या महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी गर्भलिंगतपासणीविरुद्ध कायदा केला, त्याच महाराष्ट्रात हा खेळ आजही हौसेने खेळतात. मी माझ्या घरातल्या डोहाळजेवणांतून तो बंद करायला लावला आहे आणि त्यावरून दोनदा वाद घातला आहे. खेळ खेळणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, हे मलाही माहीत आहे. पण तिच्या सोहळ्याचा शेवटचा प्रश्न तिच्याबद्दलचा नसतो, हे मला सोसत नाही.

ओटी हा शब्द मात्र मला पुन्हा पुन्हा आठवतो. ओटीत नारळ, तांदूळ, खण घालतात ते पदरात, पण शब्द पोटाचाही आहे. ओटीपोट आपण रोज म्हणतो. भरायची जागा म्हणून आपल्या भाषेने बाईचं पोट आणि बाईचा पदर एकच मानला. भाची तो साचा उलटा धरून बसली होती तेव्हा त्याची तीच ओंजळ झाली होती, फक्त रिकामी. रिकामी ओटी बघायची आपल्याला सवय नाही. आपण तिच्यात लगेच काहीतरी घालतो.

आता मला ज्या गोष्टीने बरेच दिवस अस्वस्थ केलं, तिच्याकडे येते. पोटाचे प्लास्टरचे साचे ही आजकालची टूम नाही. विल्यम हंटर हा अठराव्या शतकातला लंडनमधला नामांकित शरीरशास्त्रज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ. राणी शार्लटच्या बाळंतपणांसाठी त्याची नेमणूक होती. १७७४ साली त्याने गरोदर गर्भाशयाच्या रचनेवरचा आपला मोठा ग्रंथ छापला. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलच्या छापखान्यात, ३४ चित्रफलकांसह, चित्रं बहुतेक यान व्हान रिम्सडाइकची, मूळ आकाराइतकी. प्रसूतिशास्त्राच्या इतिहासात या ग्रंथाचं स्थान फार वरचं आहे आणि ते रास्त आहे. त्याआधी मूल आत नेमकं कसं असतं हे इतकं स्वच्छ कोणी दाखवलं नव्हतं. पण ते दाखवण्यासाठी दिवस भरत आलेल्या, पोटात मूल असतानाच मेलेल्या बायकांची शरीरं लागली. त्यांचं विच्छेदन केलं, आणि उघडलेल्या पोटांचे प्लास्टरमध्ये ठसे घेऊन ते रंगवले. हंटरने आपला सगळा संग्रह ग्लासगो विद्यापीठाला दिला. ते ठसेही त्याच विद्यापीठाकडे आहेत.

मी त्यांची छायाचित्रं पाहिली आहेत. डोकं नाही, हात नाहीत, मांड्या मध्येच कापलेल्या. मधे पोट, उघडं, आणि त्यात खाली डोकं करून गुडघे पोटाशी घेतलेलं, जन्माला न आलेलं मूल. त्या ग्रंथात एकाही बाईचं नाव नाही. राणीच्या खोलीत अदबीने वागणाऱ्या त्याच वैद्याच्या टेबलावर या बायका होत्या. कोण होत्या, कुठल्या घरच्या होत्या, घरी आणखी मुलं होती का, यातलं काही त्या पानांवर नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं की भाचीचा साचाही तसाच दिसतो. त्यालाही डोकं नाही. तोही ओटीपोटाशीच संपतो. दोन्ही वस्तू शेजारी ठेवल्या तर अनोळखी माणसाला त्या एकाच कुळातल्या वाटतील. आपली लज्जागौरी आठवा. तेरला सापडलेल्या, बदामीच्या परिसरात सापडलेल्या त्या प्रतिमा: प्रसूतीच्या आसनातली देवी, आणि कित्येक मूर्तींत डोक्याच्या जागी कमळ. रा. चिं. ढेऱ्यांनी तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तिची पूजा झाली, नवस बोलले गेले, तिला चेहरा मात्र क्वचितच मिळाला. म्हणजे शास्त्राने असो की श्रद्धेने, गरोदर पोट बाईपासून वेगळं काढून पाहायची सवय माणसाला फार जुनी आहे. मग भाचीने स्वतःच ते वेगळं काढून घेतलं, यात नवं काय झालं?

बराच काळ याचं उत्तर मला देता येत नव्हतं. आकारात काही फरक नाही, हे मान्यच करायला हवं. फरक आहे तो साचा कोणी मागितला, कोणासमोर काढला आणि शेवटी कोणाच्या कपाटात गेला यात. हंटरच्या बायकांना कोणी विचारलं नव्हतं. विचारायला त्या उरल्याच नव्हत्या. भाचीने पट्ट्या स्वतः आणल्या, वेळ स्वतः ठरवली, "लाव" ती म्हणाली आणि "पुरे"ही तीच म्हणाली. ही गोष्ट लहान वाटते. मला ती मुळीच लहान वाटत नाही. अडीचशे वर्षांपूर्वी जे फक्त मेलेल्या बाईकडून घेता येत होतं, ते आज जिवंत बाई स्वतःसाठी घेते आणि स्वतःजवळ ठेवते.

या दोन टोकांच्या मधलीही एक पायरी आहे. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात २००५ ते २००७ या काळात एक पुतळा उभा होता: 'अ‍ॅलिसन लॅपर प्रेग्नंट'. अ‍ॅलिसन लॅपर स्वतः चित्रकार आहे. जन्मतः तिला हात नाहीत आणि पाय आखूड आहेत. ती गरोदर असताना मार्क क्विन या शिल्पकाराने तिच्या शरीराचा साचा घेतला आणि त्यावरून पांढऱ्या संगमरवरात साडेतीन मीटरहून उंच पुतळा घडवला. त्याच चौकातल्या दुसऱ्या एका चौथऱ्यावर जनरल हॅवलॉक आहे, १८५७ साली कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या सैन्याशी लढलेला. तलवारीच्या मानकऱ्यांमध्ये हात नसलेली एक गरोदर बाई मान ताठ ठेवून बसली, यावरून इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला. इथे डोकं होतं, चेहरा होता, शीर्षकात नावही होतं. तिची संमती होती. तरीही शिल्प ओळखलं जातं ते क्विनचं म्हणून. मला त्या पुतळ्याबद्दल आदर आहे, पण स्वयंपाकघरातला तो जाळीदार साचा मला त्याच्याही पुढचा वाटतो, कारण त्याला शिल्पकारच नाही.

ताईला व्हिडिओ कॉलवर हे सगळं दाखवलं तेव्हा ती चिडली. "आधी बाळ सुखरूप हातात येऊ दे, मग काय ते करा. दृष्ट लागते गं." भाची हसली, मी हसले नाही. आपल्याकडे बाळ यायच्या आधी पाळणा आणत नाहीत, अंगडी-टोपडी शिवत नाहीत, ते उगाच नाही. ज्या घरांनी भरल्या पोटाचे दिवस पाहिले आणि नंतर रिकामा पाळणा पाहिला, त्या घरांनी हा नियम केला. त्यामागे अनुभव आहे, आणि अनुभवाला उत्तर द्यायचं तर नीट द्यायला हवं.

माझं उत्तर असं आहे. पाळणा हा उद्याबद्दलचा भरवसा आहे. साचा उद्याबद्दल काहीच म्हणत नाही. तो म्हणतो की आज, या तारखेला, ही बाई अशी होती. उद्या काहीही झालं तरी ते खोटं ठरत नाही. आणि वाईट झालंच, मूल हाती लागलं नाही, तर लोक काय म्हणतात ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे: विसर, झालं ते झालं, पुढच्या वेळी. जणू ते नऊ महिने घडलेच नाहीत. अशा बाईकडे फोटो नसतो, कपडा नसतो, अनेकदा मुलाला दिलेलं नावही नसतं. इंग्लंडमधल्या अनेक रुग्णालयांत मृत जन्मलेल्या बाळाच्या हातापायांचे ठसे आईवडिलांना देतात, कारण काहीतरी हातात राहावं लागतं हे त्यांना कळलं आहे. पोटाचा साचा तशा आईजवळ असेल, तर तो तिला छळेल की सावरेल, हे तिचं तीच ठरवेल. पण 'घडलंच नव्हतं' असं कोणी म्हणू शकणार नाही.

दुसरा आक्षेप एका मैत्रिणीचा, ती सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. २०१८ ते २०२० या काळात आपल्या देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या. तिथे ही असली कौतुकं कशाला, असं ती म्हणाली. तिचा राग मला कळतो. पण बाई दगावते ती अनेकदा तिच्या शरीराकडे वेळेवर कोणाचं लक्ष गेलं नाही म्हणून. पायावरची सूज, पांढरी पडलेली नखं, वाढलेला रक्तदाब. ज्या घरात आईच्या अंगाकडे अर्धा तास नीट पाहायची रीत असेल, त्या घरात सूजही लवकर दिसेल, असं मला वाटतं. प्लास्टर त्यासाठी लागत नाही, हे खरं. पाहणं लागतं.

बाजाराबद्दल फार लिहीत नाही. पुण्या-मुंबईत गरोदरपणाचे फोटो आता सर्रास काढतात, तान्ह्या बाळांच्या हातापायांचे ठसे चौकटीत बसवून देणारेही बरेच झाले आहेत. पोटाचे साचेही त्याच दुकानांतून विकले जातील. तिथे एवढंच सांभाळावं की हे काम परक्या माणसाच्या हाती देऊ नये. दुकानातून सुंदर वस्तू मिळेल, तो अर्धा तास मिळणार नाही.

आणि काळजी. प्लास्टरची बादली कालवून त्यात अंग कधीही बुडवायचं नाही, अंगावर ओतायचं नाही. २००७ साली इंग्लंडमधल्या लिंकनशरमध्ये एका शाळकरी मुलीने कलेच्या तासाला ओल्या प्लास्टरमध्ये हात घातले. घट्ट होताना निघालेल्या उष्णतेने ते इतके भाजले की तिची बहुतेक बोटं गेली. पातळ पट्ट्यांच्या थरात उष्णता तितकी साठत नाही, म्हणून पट्ट्याच वापरायच्या. १८५१ साली अँटोनियस मातायसन या डच लष्करी डॉक्टरने या पट्ट्या काढल्या त्या जखमी सैनिकाचं मोडलेलं हाड हलू नये म्हणून. इथे त्या सतत हलणाऱ्या शरीरावर बसतात, म्हणून घाई करू नये. शेवटच्या महिन्यांत बाईने उताणं पडून राहू नये, पोटाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि घेरी येते. बसून, मागे टेकूनच करावं. व्हॅसलीनला हात आखडू नये. आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं. आणि ती मध्येच "नको" म्हणाली तर अर्धा झालेला साचा तिथेच सोडून द्यावा.

भाचीचा साचा दोन-तीन दिवस खिडकीशी वाळला. जावयाने रंग आणले होते, ते तसेच राहिले. मी निघायच्या आदल्या रात्री तिने तो माझ्या एका जुन्या सुती साडीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवला. गुंडाळण्याआधी पेन्सिल घेऊन आतल्या बाजूला, बेंबीच्या खळगीच्या वर, तिने लिहिलं: स्वतःचं पूर्ण नाव, तारीख, आणि ३६ आठवडे ४ दिवस.

बाळाचं नाव तिने तिथे नंतरही घातलेलं नाही.